‘आपल्या’ कमला २०१९ मध्ये का मागे पडल्या: अमेरिकेत निवडणुकीला देणग्या देणाऱ्या मराठी मंडळींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार, मंडळी.

न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत दर चार वर्षांनी आपल्यातलं कुणी ना कुणी एखाद्या इच्छुकासाठी घरी जेवण ठेवतं. ओळखीची कुटुंबं जमतात, देणग्या गोळा होतात आणि दुसऱ्या दिवशी उमेदवारासोबतचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात. हे पत्र त्या यजमानांना आणि त्या पाहुण्यांना आहे. मी आयोवात, डे मॉइनजवळ राहते. एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते आणि नागरिकत्व मिळाल्यापासून डेमोक्रॅटिक पक्षाची नोंदणीकृत मतदार आहे. देणगी मीही देते, तुमच्याइतकी मोठी नाही एवढंच.

२०२८ चे वारे वाहू लागल्यापासून आपल्या गटांवर एकच सूर लागलाय. २०१९ ला अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत कमला हॅरिसना डेमोक्रॅटिक पक्षाने संधीच दिली नाही, मीडियाने पाडलं, बाई होत्या आणि सावळ्या होत्या म्हणून पाडलं. तेव्हा या खेपेला आपल्या माणसामागे, मग त्या स्वतः असोत की दुसरं कुणी, पहिल्या दिवसापासून पैसा उभा करायचा. यातला शेवटचा भाग मला काळजीचा वाटतो, कारण पहिला भाग अर्धाच खरा आहे. हॅरिसना पाठिंबा मिळाला होता, भरघोस मिळाला होता. मतदारांनी तो सहा महिन्यांत आपणहून काढून घेतला. तेव्हा पक्षाच्या उमेदवारासाठी देशातलं पहिलं मतदान आयोवात व्हायचं, म्हणून तो कसा गेला हे इथे राहून फार जवळून दिसत होतं.

सुरुवात आठवा. २१ जानेवारी २०१९ ला, मार्टिन ल्यूथर किंग दिनी, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या सेनेटर असलेल्या हॅरिसनी उमेदवारी जाहीर केली आणि पहिल्या चोवीस तासांत १५ लाख डॉलर जमले. २७ जानेवारीला ओकलंडच्या सिटी हॉलसमोर वीस हजारांवर माणसं जमली. तोपर्यंत त्या मोसमात डेमोक्रॅटिक इच्छुकांपैकी कुणाचीही सुरुवात एवढी दणक्यात झाली नव्हती. ट्रम्प यांनीसुद्धा त्या सभेची तारीफ केली होती. जूनअखेर मायामीतल्या डिबेटनंतर तर त्या क्विनिपिॲक विद्यापीठाच्या देशव्यापी मतदार चाचणीत २० टक्क्यांवर गेल्या. बायडन २२ वर होते, म्हणजे फरक दोनच टक्क्यांचा. आणि ३ डिसेंबर २०१९ ला, कुठल्याही राज्यात एकही मत पडण्याआधी, त्या शर्यतीतून बाहेर पडल्या. ‘डे मॉइन रजिस्टर’ या आमच्या वर्तमानपत्राच्या नोव्हेंबरच्या आयोवा चाचणीत त्यांना ३ टक्के होते. जूनमध्ये त्याच चाचणीत ७ होते.

हे घोडं कुठे पेंड खात होतं, ते आता सांगते.

पहिली ठेच इथेच, डे मॉइनमध्ये लागली. ओकलंडच्या सभेनंतर दुसऱ्याच दिवशी, २८ जानेवारीला, ड्रेक विद्यापीठात सीएनएनचा टाउन हॉल, म्हणजे मतदारांसमोर प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम होता. सूत्रसंचालक जेक टॅपरनी विचारलं, की सर्वांसाठी मेडिकेअर, म्हणजे सगळ्यांना सरकारी आरोग्य विमा, आणायचं तर लोकांचा आजचा खासगी आरोग्य विमा जाणार का? हॅरिस २०१७ मध्ये डाव्या विचारांचे सेनेटर बर्नी सँडर्स यांच्या त्याविषयीच्या विधेयकाच्या सहप्रस्तावक झालेल्या होत्या, त्यामुळे प्रश्न अनपेक्षित नव्हता. विमा कंपन्यांची मंजुरी, कागदपत्रं, खेटे या सगळ्याचं वर्णन करून त्या म्हणाल्या, हे सगळं काढून टाकू या, पुढे जाऊ या. टाळ्या पडल्या. आता हे शहर विम्यावर जगतं, हे तुमच्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक असेल, कारण तुमचे भाचे-पुतणे इथल्याच विमा कंपन्यांत कोड लिहितात. दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसच्या जेवणाच्या खोलीत हा एकच विषय होता. काहींना धास्ती वाटत होती, काहींना बाईंचं धाडस आवडलं होतं. दोन्ही बाजूंना निदान एवढं कळलं होतं, की यांचं म्हणणं काय आहे.

ते कळणं एक दिवस टिकलं. लगेच सल्लागारांकडून बातम्या आल्या, की सेनेटर इतर मार्गांनाही तयार आहेत. मग जूनमध्ये मायामीच्या मंचावर लेस्टर होल्ट यांनी विचारलं, की खासगी विमा रद्द करून सरकारी योजना आणायला कोण तयार आहे, हात वर करा. त्या रात्रीच्या दहा जणांत दोनच हात वर गेले, सँडर्स यांचा आणि हॅरिस यांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीवर त्या म्हणाल्या, प्रश्न मला वेगळा ऐकू आला, मला वाटलं तुम्ही स्वतःचा विमा सोडाल का असं विचारताय. याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात! २९ जुलैला त्यांनी तिसरी भूमिका मांडली: दहा वर्षांत हळूहळू बदल करायचा, आणि सरकारी चौकटीत खासगी कंपन्यांना जागा ठेवायची. खरं सांगायचं तर ही तिसरी योजना वाईट नव्हती. विम्याच्या धंद्यात काम करणारी बाई म्हणून मला तर ती तिन्हींत सगळ्यात जमण्यासारखी वाटली. पण दोनच दिवसांनी डेट्रॉइटच्या डिबेटमध्ये बायडन एकीकडून तुटून पडले. डावीकडच्या लोकांनी तर आधीच फितूर ठरवून टाकलं होतं.

बाहेरच्या राज्यांतल्या मंडळींच्या लक्षात येत नाही ती गोष्ट इथे आहे. मतदाराने पाठिंबा दिला म्हणजे तो नुसता मनात ठेवून बसत नाही. तो अंगणात पाटी लावतो, शेजाऱ्याशी वाद घालतो, चर्चच्या कॉफीला बोलतो. जानेवारीत ज्याने खासगी विमा रद्द करण्याच्या बाजूने भांडण काढलं, तो फेब्रुवारीत तोंडघशी पडला. जूनमध्ये तो पुन्हा छाती पुढे काढून उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्याने बोलणंच सोडून दिलं. चाचणीचा आकडा खाली येतो त्याच्या कितीतरी आधी समर्थक गप्प होतो, आणि हे मी त्या उन्हाळ्यात आजूबाजूला घडताना बघत होते.

मायामीच्या त्याच रात्रीचा दुसरा प्रसंग तर सगळ्यांच्या तोंडी आहे. बायडन यांनी सत्तरच्या दशकात शाळांच्या बसिंगला, म्हणजे काळी-गोरी मुलं एकत्र शिकावीत म्हणून मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत पाठवण्याला, विरोध केला होता. हॅरिस त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, की कॅलिफोर्नियात एक लहान मुलगी रोज बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत जायची आणि ती मुलगी मी होते. टीव्हीसमोर बसलेल्या माझ्या अंगावर काटा आला. बर्कलीच्या त्या छोट्या मुलीच्या फोटोचे टी-शर्ट त्याच रात्री प्रचाराच्या दुकानात विक्रीला आले, किंमत तीस डॉलरच्या आसपास. इतक्या तत्परतेने टी-शर्ट येतात म्हणजे वाक्य आधीच घोटून ठेवलेलं होतं हे उघड आहे. त्यात गैर काहीच नाही, वक्ते तयारी करतातच. प्रश्न असा, की त्या वाक्यामागून येणाऱ्या प्रश्नाची तयारी कुणी केली होती? पत्रकारांनी आठवड्याच्या आत विचारलं: मग आज केंद्र सरकारने बसिंगची सक्ती करावी का? उत्तर आलं, की शाळा जिल्ह्यांच्या हाती असलेल्या अनेक साधनांपैकी ते एक साधन आहे. बायडनचे लोक म्हणाले, अहो, आमचंही तेच म्हणणं आहे! ज्या मुद्द्यावर समोरच्याला एवढं घायाळ केलं, त्या मुद्द्यावर आज दोघांत फरक काय, हे कुणाला सांगता येईना. जुलैच्या सुरुवातीला आलेले ते २० टक्के सप्टेंबरपर्यंत एक आकडी झाले होते.

त्यांच्या सरकारी वकिलीचा इतिहास हा तिसरा विषय. त्यावर इतकं लिहून झालंय, की मी थोडक्यात आटोपते. २००४ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या जिल्हा ॲटर्नी आणि २०११ पासून कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरल म्हणून त्यांनी जे केलं, त्यात अभिमान बाळगावा असं पुष्कळ होतं आणि अडचणीचंही होतं. शाळा बुडवणाऱ्या मुलांच्या पालकांवर खटले भरता येतील असा कायदा त्यांनी उचलून धरला होता. २०१९ च्या डेमोक्रॅटिक मतदाराला पोलीस-तुरुंग या व्यवस्थेविषयी चीड होती. अशा वेळी दोन रस्ते असतात: मी ते केलं, का केलं ते ऐका, असं म्हणायचं, किंवा ते चुकलं असं म्हणायचं. ३१ जुलैला डेट्रॉइटमध्ये दुसऱ्या एक इच्छुक तुलसी गॅबर्ड यांनी गांजाच्या खटल्यांवरून हल्ला चढवला तेव्हा हॅरिसनी यातलं काहीच धडपणे केलं नाही. नंतर सीएनएनवर त्या म्हणाल्या, की मी पहिल्या फळीतली उमेदवार आहे, माझ्यावर वार होणारच, आणि गॅबर्ड तर शून्य-एक टक्क्यावर आहेत. आयोवात कुणी आपली फळी स्वतः जाहीर केली, की लोक दुसरीकडे बघायला लागतात.

तुम्ही म्हणाल, त्यांच्याकडे योजना नव्हत्या असं थोडंच आहे. होत्या ना! मार्च २०१९ मध्येच त्यांनी शिक्षकांचा पगार सरासरी १३,५०० डॉलरने वाढवण्याची योजना मांडली. मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना महिन्याला ५०० डॉलरपर्यंत कर-सवलत द्यायचं त्यांचं विधेयक होतं. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, बंदुकांवर कायदा केला नाही तर शंभर दिवसांनंतर अध्यक्षीय आदेश काढण्याचं वचन होतं. ऑगस्टमध्ये पाच दिवस बसने आयोवा पालथा घातला तेव्हा ‘पहाटे तीनला झोपमोड करणारे प्रश्न’ ही नवी टूम निघाली, मग शरदात ‘न्याय मतपत्रिकेवर आहे’ ही आली. त्याआधी ‘जनतेसाठी’ होतीच. एक ना धड भाराभर चिंध्या. शिक्षकांच्या पगाराची ती एकच गोष्ट घेऊन त्या दहा महिने फिरल्या असत्या तरी इथल्या प्रत्येक गावातल्या शाळेत त्यांचे दहा प्रचारक तयार झाले असते, असं मला आजही वाटतं. दुसरे इच्छुक अँड्र्यू यांग यांचं बघा. निवडणुकीचा काडीचा अनुभव नसलेला माणूस, पण महिन्याला हजार डॉलर देणारा म्हणून शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. तो हॅरिसपेक्षा दोन महिने जास्त टिकला.

आता आमचं कॉकस, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायला मतदारांनी भरवलेली उघड सभा, कसं चालायचं ते थोडं सविस्तर सांगते, कारण तिथे गेल्याशिवाय पाठिंबा म्हणजे काय ते कळत नाही. ३ फेब्रुवारी २०२० च्या संध्याकाळी आमच्या प्रिसिंक्टची (मतदान विभागाची) माणसं शाळेच्या जिममध्ये जमली. बास्केटबॉलच्या रिंगखाली वॉरन यांचा गट, समोरच्या भिंतीशी सँडर्स यांचा, घड्याळाखाली बुटीजज यांचा. चिठ्ठी घडी करून पेटीत टाकायची सोय नाही. कोट काखोटीला मारून सगळ्या गावादेखत चालत जायचं आणि आपल्या उमेदवाराच्या पाटीखाली उभं राहायचं. बहुतेक ठिकाणी एकूण हजेरीच्या १५ टक्के माणसं ज्याच्यामागे नाहीत तो गट बाद. बाद गटातल्या माणसांना मग दुसरीकडे जायची मुभा, आणि खरा खेळ तिथे सुरू व्हायचा. शेजारी शेजाऱ्याच्या कोटाला धरून ओढायचे, इकडे या, तुमच्या मुलाच्या कॉलेजच्या कर्जाचं काय ते आमचे उमेदवार बोलतायत. ज्याच्या समर्थकाला अर्ध्या मिनिटात कारण सांगता येतं त्याचा गट फुगतो. (निकाल कळवायचं ॲप त्या रात्री कोलमडलं ते जगाने पाहिलं. त्याची लाज आम्हाला आहेच, आणि २०२४ ला देशात सर्वांत आधी निवड करायचा आमचा पहिला नंबरही गेला.)

त्या जिममध्ये माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका उभ्या होत्या. नोव्हेंबरपर्यंत त्यांच्या अंगणात हॅरिस यांची पाटी होती. मी विचारलं तेव्हा त्यांचं म्हणणं असं पडलं, की बाई मला फार आवडायची, पण भावाला ती का आवडावी हे दर खेपेला मला नव्याने शोधावं लागायचं. शिक्षकांच्या पगाराची योजना त्यांना माहीत नव्हती. शिक्षिकेला!

हॅरिस यांच्या प्रचाराचा हिशोब वेगळा होता. आयोवा फार गोरं राज्य, तेव्हा इथे बेताचं काम करायचं, साउथ कॅरोलिनात कृष्णवर्णीय मतदारांच्या जोरावर उसळी घ्यायची आणि ३ मार्चला कॅलिफोर्निया मारायचा. कॅलिफोर्नियाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान, जूनवरून मार्चमध्ये आली होती, त्यामुळे कागदावर हे सुरेख दिसायचं. ओबामांचं उदाहरण दिलं जायचं. पण ओबामांनी आधी ३ जानेवारी २००८ ला आयोवा जिंकलं होतं. गोरे मतदार या माणसाला मत देतात हे डोळ्यांनी दिसल्यावर साउथ कॅरोलिनातले कृष्णवर्णीय मतदार क्लिंटनना सोडून मोठ्या संख्येने त्यांच्याकडे वळले आणि तिथे त्यांना ५५ टक्के मतं पडली. २०१९ मध्ये तेच मतदार बायडनना सोडायला तयार नव्हते. आठ वर्षं ओबामांच्या शेजारी बसलेला माणूस त्यांच्या ओळखीचा होता. सप्टेंबरमध्ये हॅरिसना हे उमगलं तेव्हा त्या एका सहकारी सेनेटरशी बोलताना, अस्सल शिवीसकट, म्हणाल्या, की आता मी आयोवातच मुक्काम ठोकतेय. ते पत्रकाराने ऐकलं आणि त्याची बातमी झाली. मुक्काम ठोकला खरा, पण तोपर्यंत बुटीजज आणि वॉरन यांची माणसं गावोगाव घरं करून बसली होती. पोल्क काउंटीच्या स्टेक फ्राय या पक्षाच्या मेळाव्याला त्या ढोलपथकासोबत नाचत आल्या, फोटो झकास आले. आमच्या चाचणीत त्याच सुमाराला त्या ६ टक्क्यांवर होत्या आणि वॉरन २२ वर.

पैशांचं तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. दुसऱ्या तिमाहीत हॅरिसनी जवळपास १ कोटी २० लाख डॉलर जमवले. साउथ बेंडसारख्या लाखभर वस्तीच्या गावाचे महापौर बुटीजज यांनी त्याच तीन महिन्यांत २ कोटी ४८ लाख जमवले. तिसऱ्या तिमाहीत हॅरिस यांचा खर्च जमेपेक्षा जास्त झाला. बाल्टिमोरच्या मुख्यालयात पगारी माणसांची खोगीरभरती होती, बहीण माया हॅरिस अध्यक्ष, हुआन रॉड्रिगेझ व्यवस्थापक, आणि शेवटचा शब्द कुणाचा हे आतल्यांनाही कळत नव्हतं. ऑक्टोबरअखेर कपात झाली, न्यू हॅम्पशायरमधली माणसं हलवली. नोव्हेंबरमध्ये एका अधिकारी बाईंचं राजीनाम्याचं पत्र ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आलं, की कर्मचाऱ्यांना इतकी वाईट वागणूक मी दुसऱ्या कुठल्या प्रचारात पाहिली नाही. हे सगळं खरं. पण भांडणं जिंकणाऱ्या प्रचारातही होतात. मुद्द्याचा घोळ मिटला असता तर ही भांडणं आतल्या आत राहिली असती असं माझं मत आहे.

शेवटी बाहेर पडताना हॅरिसनी पैशांचंच कारण दिलं. मी काही अब्जाधीश नाही, स्वतःच्या खिशातून प्रचार चालवू शकत नाही, असं त्या म्हणाल्या. रोख टॉम स्टायर आणि ब्लूमबर्ग या अब्जाधीश इच्छुकांवर होता आणि तो रास्तच होता. तरी लक्षात घ्या, पक्षाने डिसेंबरच्या डिबेटसाठी दोन लाख देणगीदारांची अट ठेवली होती, ती त्यांनी पुरी केली होती. देणारे होते, पण एकदा देऊन थांबलेले. यात आपणही आलो. जानेवारीतच २,८०० डॉलरची कायदेशीर मर्यादा गाठणारा देणगीदार ऑक्टोबरमध्ये काही उपयोगाचा नसतो. दर महिन्याला पंचवीस डॉलर देणारी शाळामास्तरीण उपयोगाची असते, आणि ती देते तेव्हाच, जेव्हा तिला सांगायला काहीतरी असतं. पैसा नाही म्हणून मतं गेली असं तुम्ही मानता. मला आयोवात हे उलट क्रमाने घडताना दिसलं. आणि नुसत्या पैशाचं म्हणाल तर आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत पदरचे लाखो डॉलर ओतून तिसरे आले होते. ते खासदार झाले ते पुढे.

आता वर्णाचं आणि बाईपणाचं. ते नव्हतंच असं म्हणणाऱ्यातली मी नाही. ‘निवडून येईल का’ हा एक शब्दप्रयोग त्या वर्षभर इथे इतका चालला, की त्याच्या आड वाटेल ते लपायचं. ट्रम्पना हरवायला गोरा पुरुषच हवा, हे माझ्याच गल्लीतल्या बायका मला सांगायच्या, स्वतःला ते आवडत नसताना सांगायच्या. हॅरिस, बुकर, कॅस्ट्रो हे गोरे नसलेले इच्छुक एकेक करून गेले. हा अन्याय धरूनही एक गोष्ट उरते. त्याच उन्हाळ्यात, त्याच मतदारांत, एलिझाबेथ वॉरन १५ वरून २२ टक्क्यांवर चढल्या आणि त्याही बाईच होत्या. बुटीजज नवऱ्यासोबत फिरणारे समलिंगी उमेदवार होते आणि ते आयोवात सर्वाधिक प्रतिनिधी घेऊन गेले. पूर्वग्रहाने हॅरिस यांचा रस्ता अरुंद केला होता. त्या अरुंद रस्त्यावर आज हे, उद्या ते करायला जागाच नव्हती, हे त्यांच्या सल्लागारांनी ओळखायला हवं होतं. बायडनना चुका परवडत होत्या. हॅरिसना परवडत नव्हत्या, आणि हे अन्यायाचं असलं तरी जानेवारीपासून दिसत होतं.

आपण त्या वर्षी काय करत होतो, तेही आठवून बघा. नोव्हेंबर २०१९ च्या अखेरीस भारतीय वंशाच्या अभिनेत्री मिंडी कॅलिंगच्या स्वयंपाकघरात मसाला डोसा करतानाचा हॅरिस यांचा व्हिडिओ आला. आपल्या गटांवर तो दिवसातून दहा वेळा फिरला. इन्स्टंट कॉफीच्या बरण्यांत मसाले ठेवतात, अगदी आपल्यासारखंच म्हणून सगळे खूश. नंतरच्या आठवड्यात त्या बाहेर होत्या आणि आपल्याला धक्का बसला! आई श्यामला गोपालन भारतातल्या, म्हणून मुलगीही आपली, एवढं पुरलं. ३१ जुलैच्या दोन दिवस आधी आलेली विम्याची योजना आपल्यातल्या कितीजणांनी वाचली होती? आपल्यात डॉक्टर आहेत, विम्याच्या कंपन्यांत मोठ्या हुद्द्यावर माणसं आहेत, औषधांच्या कारखान्यांचे मालक आहेत. जेवणाच्या टेबलावर हॅरिस यांच्या शेजारी बसलेल्यांपैकी एकाने जरी म्हटलं असतं, बाई, जानेवारीत एक बोललात, जूनमध्ये हात वर केलात, आता हे तिसरं, यातलं आम्ही लोकांना कोणतं सांगू? मोठ्या देणगीदाराचा प्रश्न सल्लागारही ऐकतात. आपण फोटो काढले. हेच आपण रिपब्लिकन पक्षाच्या भारतीय वंशाच्या इच्छुकांच्या, म्हणजे २०१५ मध्ये बॉबी जिंदाल यांच्याबाबतीत, नंतर निकी हेली आणि विवेक रामस्वामी यांच्याबाबतीत केलं. पक्ष बदलला तरी सवय तीच.

त्या घोळाची किंमत २०१९ मध्येच चुकती झाली असती तर एक वेळ ठीक होतं. २०२० मध्ये बायडन यांनी त्यांना उपाध्यक्षपदासाठी निवडलं. २०२४ च्या जुलैत बायडन बाजूला झाले आणि प्रायमरी न लढता उमेदवारी त्यांच्याकडे आली. हाताशी १०७ दिवस होते. त्या दिवसांत ट्रम्प यांच्या प्रचाराने काय काढलं? २०१९ चं कपाट. ४ सप्टेंबर २०१९ ला सीएनएनच्या हवामान कार्यक्रमात त्यांनी फ्रॅकिंगवर (खडक फोडून तेल-वायू काढण्याच्या पद्धतीवर) बंदी घालू असं म्हटलं होतं, ते पेनसिल्व्हेनियात पुन्हापुन्हा दाखवलं गेलं. त्याच वर्षी एका नागरी हक्क संघटनेच्या प्रश्नावलीत, अटकेतल्या स्थलांतरितांच्या लिंगबदलाच्या उपचारांविषयी त्यांनी होकार भरला होता. त्यावरची जाहिरात फुटबॉलच्या प्रत्येक सामन्यात माझ्या टीव्हीवर यायची. ऑगस्ट २०२४ च्या मुलाखतीत, भूमिका का बदलली असं विचारल्यावर उत्तर होतं, माझी मूल्यं बदललेली नाहीत. मी पुन्हा एकदा ऑफिसच्या जेवणाच्या खोलीत बसले होते आणि सहकाऱ्यांना काय सांगावं ते मला सुचत नव्हतं. शेवटी निर्वाचक मतं पडली ती हॅरिसना २२६, ट्रम्पना ३१२.

तेव्हा मंडळी, मागणं एवढंच आहे. येत्या मोसमात तुमच्या घरी कुणीही येवो, आडनाव अय्यर असो, खन्ना असो की स्मिथ, चेक लिहिण्याआधी त्या व्यक्तीने गेल्या पाच वर्षांत आरोग्य विम्यावर, एच-वन-बीवर आणि ग्रीन कार्डच्या रांगेवर काय काय म्हटलंय ते एका कागदावर उतरवून ठेवा. ग्रीन कार्डवाल्यांनाही देणगी देता येते, तेव्हा हा प्रश्न निम्म्या पाहुण्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. दोन उत्तरं जुळत नसतील तर ती तिथेच, सर्वांसमोर विचारा. राग येईल, वातावरण बिघडेल, फोटोत चेहरे आंबट येतील. हरकत नाही. पूर्ण मर्यादेची रक्कम पहिल्याच रात्री देऊ नका, हप्त्याने द्या, दर तिमाहीला हिशोब मागा. आणि अशा जेवणांना कॉकसच्या गावातला किंवा साउथ कॅरोलिनातला एखादा साधा मतदार बोलवा. तिथे मराठी कुटुंबं आहेत, त्यांच्या शेजाऱ्यांना घेऊन यायला ती आनंदाने तयार होतील. प्रवासखर्च तुम्ही करायचा. माझ्या त्या शेजारच्या शिक्षिकेला मी विचारून ठेवलंय, तिला जूनमध्ये सुट्टी असते, म्हणजे आता ती निवृत्त असल्यामुळे कायमचीच.

कळावे, लोभ असावा.

आपली,
डे मॉइनजवळची एक मराठी मतदार